माख्नो आणि मेनोनाइट: एकमेकांना खोटं पाडणाऱ्या आठवणी कशा वाचाव्यात

दक्षिण युक्रेनच्या गवताळ प्रदेशात 1918 ते 1920 या यादवीच्या काळात काय घडलं हे वाचायला बसलेल्या माणसाची लवकरच पंचाईत होते. अराजकवाद्यांच्या आठवणी उघडाव्यात तर नेस्तोर माख्नो हा गरिबांचा 'बात्को', मायबाप. जमीनदारांना, परक्या फौजांना, झारवादी गोऱ्यांना (बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या 'व्हाइट' फौजांना) आणि शेवटी बोल्शेविकांनाही न जुमानणारा शेतकरी पुढारी. मेनोनाइट, म्हणजे तिथे वसलेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या, घरांतल्या आठवणी उघडाव्यात तर तोच माख्नो म्हणजे कर्दनकाळ. मग वाचणारा एक तर बाजू घेतो, नाहीतर 'दोन्हीकडे थोडं थोडं खरं असेल' म्हणून मोकळा होतो. ही दुसरी सवय मला जास्त घातक वाटते. बाजू घेणारा निदान एका बाजूचं तरी नीट वाचतो.

लोकांनी सांगितलेल्या, लिहून ठेवलेल्या आठवणी तपासून छापण्याजोग्या करणं हे माझं काम. त्या कामात जी पद्धत वापरते तीच या विषयाला लावून दाखवते. त्यासाठी आखीव वही, पेन्सिल आणि एक बऱ्यापैकी मोठा नकाशा लागतो. पेन्सिलच घ्या, कारण खाडाखोड भरपूर होणार आहे.

आधी जमीन कोणाकडे किती, ते लिहा

मारामारीपासून सुरुवात करू नका. मेनोनाइट हा ख्रिस्ती धर्मातला शस्त्र न उचलणारा पंथ. मूळचे डच आणि उत्तर जर्मन मुलखातले हे लोक व्हिस्टुला नदीच्या मुखाजवळ राहायचे, तिथून कॅथरीन राणीच्या धोरणामुळे रशियन साम्राज्यात आले. द्नीपरकाठी खोर्तित्सा ही वसाहत 1789 मध्ये बसली, मोलोच्ना 1804 मध्ये. कुटुंबामागे 65 देस्यातिना, म्हणजे सुमारे 70 हेक्टर जमीन. 1800 साली झार पॉलने सनद दिली आणि लष्करी नोकरीतून सूट मिळाली. 1874 च्या सुमाराला सक्तीची भरती सगळ्यांना लागू व्हायची वेळ आली तेव्हा हजारो जण उत्तर अमेरिकेला निघून गेले. जे राहिले त्यांच्या मुलांना बंदुकीऐवजी वनखात्याची चाकरी मिळाली.

आसपासच्या युक्रेनियन गावांत 1861 नंतर वेठबिगारीतून सुटलेल्यांची मुलं-नातवंडं होती. वाट्याला तुटपुंजी जमीन, त्यामुळे सुगीला वसाहतीत मजुरीला जायचं. तिथल्या विटांच्या घरात त्यांनी पाऊल टाकलं असेल ते बहुतेक गडी किंवा मोलकरीण म्हणूनच. माख्नोचा जन्म 1888 चा, गाव हुल्याइपोले, बाप तान्हेपणीच गेलेला. पोरवयात दुसऱ्यांची गुरं राखली, पुढे ओतशाळेत काम केलं.

एवढं लिहून झालं की खाली आणखी एक ओळ टाका: सगळे मेनोनाइट श्रीमंत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोलोच्नात भूमिहीन मेनोनाइटांचीच संख्या एवढी वाढली होती की त्यांच्या आपसांतच जमिनीवरून तंटा पेटला. ही ओळ मी मुद्दाम टाकायला सांगते. 'वसाहतवाले म्हणजे कुलक (धनाढ्य शेतकरी)' हे समीकरण अराजकवादी लेखनात फार सहज येतं, आणि एकदा ते मान्य केलं की पुढचं बरंच काही डोळ्यांआड जातं.

गोष्ट कुठल्या तारखेला सुरू होते?

माझ्या पद्धतीतली सगळ्यात उपयोगी पायरी हीच आहे. कुठलीही आठवण वाचताना त्यात हिंसेचा पहिला प्रसंग कधी येतो आणि मारणारा कोण असतो, तेवढंच वहीच्या डाव्या बाजूला लिहा. बाकी काही नको.

माख्नोच्या बाजूच्या आठवणींत हा प्रसंग बहुधा 1918 च्या वसंतातला असतो. ब्रेस्ट-लितोव्हस्कचे तह झाले, जर्मन आणि ऑस्ट्रियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. एप्रिल अखेरीस त्यांच्या पाठिंब्याने स्कोरोपाद्स्की 'हेटमान' म्हणजे युक्रेनचा शासक होऊन सत्तेवर बसला आणि 1917 मध्ये शेतकऱ्यांनी वाटून घेतलेल्या जमिनी मालकांकडे परत जाऊ लागल्या. दंडात्मक तुकड्या गावोगाव फिरल्या. फटके, खंडणी, गोळ्या. माख्नोचा अपंग भाऊ येमेल्यान याला याच काळात मारलं, आईचं घर जाळलं. 1918 च्या शरद ऋतूत दिब्रिव्का गावाजवळ माख्नोने ऑस्ट्रियन तुकडीला पळवून लावलं. त्यावर ऑस्ट्रियनांनी आणि सोबत आलेल्या जमीनदार-वसाहतवाल्यांनी गाव पेटवलं. मग माख्नोच्या माणसांनी आसपासच्या वाड्या आणि जर्मन वसाहती जाळल्या. त्यांच्या हिशेबी हा उलट वार होता.

मेनोनाइट आठवणींचं पहिलं पान वेगळं. 1914 पूर्वीचं सुखाचं गाव, फळबागा, शाळा, गव्हाचे ढीग. मग 1917 ची धाकधूक. 1918 च्या वसंतात जर्मन सैनिक आले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. तो उन्हाळा बऱ्याच आठवणींत एका परिच्छेदात उरकतो. हिंसा खरी सुरू होते नोव्हेंबर 1918 मध्ये, जर्मन फौज निघून गेल्यावर: दारात घोडेस्वार, पैशांची मागणी, घरच्या कर्त्याला अंगणात नेणं.

आता दोन्ही डाव्या बाजू शेजारी ठेवा. एकाच्या गोष्टीत 1918 चा उन्हाळा हा सगळ्याचा उगम आहे, दुसऱ्याच्या गोष्टीत तो शेवटचा शांत उन्हाळा आहे. इथे खोटं कुणीच बोलत नाहीये. ज्याला त्या उन्हाळ्यात फटके बसले त्याला तो आठवतो, ज्याच्या अंगणात त्या उन्हाळ्यात जर्मन बँड वाजला त्याला बँड आठवतो. गफलत होते ती वाचणारा एकाचीच सुरुवात उचलतो तेव्हा, कारण मग उरलेली प्रत्येक हत्या एकाकडून 'गुन्हा' आणि दुसऱ्याकडून 'प्रत्युत्तर' ठरते.

याच उन्हाळ्यात मेनोनाइटांच्या आत काय चाललं होतं तेही वहीत हवं. जर्मन अधिकाऱ्यांनी वसाहतीतल्या तरुणांना कवायत शिकवली, बंदुका दिल्या, 'सेल्ब्स्टशुत्झ' म्हणजे स्वसंरक्षण दल उभं राहिलं. शस्त्र न उचलणाऱ्या पंथाला हे कसं मानवणार? जून अखेर ते जुलैच्या सुरुवातीला मोलोच्नातल्या लिख्तेनाउ गावी चर्चची परिषद भरली. तत्त्व तत्त्व म्हणून कायम ठेवलं, पण बंदूक घ्यायची की नाही हा निर्णय प्रत्येकाच्या सदसद्विवेकावर सोडला. ज्या पंथाने याच एका मुद्द्यासाठी मागे देश सोडले होते, त्याने घेतलेली ही माघार आहे आणि मला ती परिषद या साऱ्या इतिहासातली कळीची जागा वाटते. 1918-19 च्या हिवाळ्यात या दलाने ब्लूमेनटालजवळ माख्नोच्या लोकांना काही महिने रोखून धरलं, मार्च 1919 मध्ये फळी फुटली. घरगुती आठवणी वाचताना बघा, दलात गेलेल्या काका-मामाबद्दल किती ओळी आहेत. बहुधा फार थोड्या.

पुस्तक कुठे संपतं, आणि कुठे बसून लिहिलंय

'माख्नोने आपल्या आठवणींत मेनोनाइटांच्या कत्तलींचा उल्लेखही केलेला नाही' हा आरोप तुम्हाला वाचायला मिळेल. खवळून उठण्याआधी पुस्तकाचं शेवटचं पान बघा. माख्नोच्या आठवणींचे तीन खंड आहेत आणि तिसरा डिसेंबर 1918 ला संपतो. मोठ्या कत्तली 1919 च्या शरद ऋतूतल्या. तिथवर तो लिहीत पोचलाच नाही. 1934 मध्ये पॅरिसमध्ये, हलाखीत, क्षयाने वारला. तेव्हा या आठवणींपुरता तरी, न पोचण्याला मौन म्हणता येत नाही.

प्योत्र आर्शिनोवचं मात्र तसं नाही. तो माख्नोचा मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगातला सोबती, चळवळीचा पहिला इतिहासकार. त्याचं पुस्तक 1923 मध्ये बर्लिनमध्ये निघालं आणि त्यात 1919 चं साल पुरतं येतं. गोऱ्यांविरुद्धची पेरेगोनोव्काची लढाई येते, आलेक्सान्द्रोव्स्कची शेतकरी-कामगार-बंडखोर परिषद येते. त्याच आठवड्यांत त्याच पट्ट्यातल्या वसाहतींत काय झालं ते येत नाही. इथे मौन आहे आणि त्याची नोंद मौन म्हणूनच करा. मात्र तो कोणासाठी लिहीत होता हेही शेजारी लिहा: बोल्शेविक या चळवळीला नुसती दरोडेखोरी ठरवत होते, आणि हद्दपारीत बसलेला हा माणूस त्याला उत्तर देत होता. याने मौन माफ होत नाही, उलगडतं इतकंच.

विक्तोर बेलाश हा माख्नोच्या फौजेचा मुख्य नियोजक. त्याने 1930 मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या कोठडीत लिहिलं, 1938 मध्ये त्याला गोळ्या घातल्या, लेखन छापलं गेलं 1993 मध्ये, मुलाच्या हातून. तारखा आणि हालचाली यांसाठी मोलाचं, पण समोर बसलेला पहिला वाचक पोलीस होता हे विसरून वाचायचं नाही.

मेनोनाइट बाजूलाही हीच कसोटी लावा. त्याच आठवड्यातली रोजनिशी, वर्षभरात अमेरिकेतल्या नातलगांना धाडलेलं पत्र, आणि कॅनडात स्थिरावल्यावर पन्नास वर्षांनी नातवंडांसाठी लिहिलेली हकीकत, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मेनोनिटिशे रुंडशाउ' या साप्ताहिकात छापलेली पत्रं मला फार उपयोगी वाटतात, कारण ती मृतांची नावं आणि गावं सांगायला लिहिली होती. त्यांत माख्नोच्या स्वभावाची चिकित्सा फारशी नसते. नंतरच्या हकीकतींत मधली सगळी संकटं, 1921-22 चा दुष्काळ, स्टालिनच्या काळातली अटकसत्रं, मागे झिरपलेली असतात.

तारीख, गाव, आणि 'माख्नोवादी' हा शिक्का

इथे थोडं यांत्रिक काम आहे, ते चुकवू नका.

सोव्हिएत सत्तेने फेब्रुवारी 1918 मध्ये नवं कॅलेंडर आणलं. 31 जानेवारीनंतर थेट 14 फेब्रुवारी. पण गोऱ्यांच्या ताब्यातल्या मुलखात आणि कित्येक घरांत जुनंच चालू राहिलं. फरक 13 दिवसांचा. आइखेनफेल्ड या मेनोनाइट गावातली कत्तल एकीकडे 26 ऑक्टोबर 1919, दुसरीकडे 8 नोव्हेंबर 1919 अशी सापडते. रात्र एकच. प्रत्येक तारखेपुढे 'जु' किंवा 'न' लिहिल्याशिवाय वहीत घेऊ नका.

गावांना दोन-तीन नावं असतात. आइखेनफेल्ड म्हणजेच दुबोव्का. आलेक्सान्द्रोव्स्क आजचं झापोरिझ्झिया, येकातेरिनोस्लाव आजचं द्नीप्रो, हाल्बश्टाट आजचं मोलोचान्स्क. नकाशावर पेन्सिलने सगळी नावं लिहा, म्हणजे दोन वेगळ्या गावांच्या म्हणून आलेल्या दोन साक्षी एकाच गावच्या आहेत हे पटकन कळतं.

आणि शिक्का. 1919 च्या सुरुवातीला माख्नोची माणसं कागदोपत्री लाल सैन्याची एक ब्रिगेड होती. त्याच वर्षी शरद ऋतूत फौज काही आठवड्यांत इतकी फुगली की तिच्यात काल सामील झालेले, सुगी उरकून आलेले, शेजारगावचे जुने वैरी, निव्वळ लुटारू, सगळेच आले. दाराशी आलेल्या माणसाने 'आम्ही बात्कोचे' म्हटलं की आठवणीत 'माख्नो आला' उरतं. माख्नो जातीने घरी आला होता, अशा हकीकती भेटतील तेव्हा त्या दिवशी तो कुठे होता हे लष्करी हालचालींशी ताडून बघा. मात्र याच युक्तीचा उलटा वापर अराजकवाद्यांचे चाहते करतात: जे वाईट घडलं ते 'लुटारूंनी', जे चांगलं ते 'चळवळीने'. फौजेच्या ताब्यातल्या मुलखात, तिच्या स्वारांनी, तिच्या नावाने केलेलं कृत्य तिच्याच खाती लावायचं. हुकूम कोणाचा हा प्रश्न वेगळ्या रकान्यात.

एक रात्र जवळून

आता आइखेनफेल्डचं पान कसं करते ते दाखवते.

गाव याझिकोवो वसाहतीतलं, द्नीपरच्या उजव्या अंगाला, आलेक्सान्द्रोव्स्क आणि येकातेरिनोस्लाव यांच्या मधल्या पट्ट्यात. सप्टेंबर अखेरीस पेरेगोनोव्काला गोऱ्यांचा सेनापती देनिकिन याच्या फौजेचा धुव्वा उडवून बंडखोर पूर्वेकडे परत धावले होते. येकातेरिनोस्लाव याच दिवसांत त्यांच्या हाती जाणार होतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात गोऱ्यांची सत्ता होती, मालक परतले होते, शेतकऱ्यांवर पुन्हा सूड उगवला गेला होता, आणि काही मेनोनाइट तरुण गोऱ्यांच्या पलटणीत होते. हे सगळं 'आधी' या रकान्यात जातं.

'त्या रात्री' या रकान्यात: स्वारांनी गाव घेरलं. घराघरांतून पुरुष आणि वयात आलेले मुलगे बाहेर काढले, बहुतेकांना तलवारीने कापलं. बायकांवर अत्याचार झाले, काही बायकाही मारल्या गेल्या. शेतकऱ्यांना बायबल सांगत फिरणाऱ्या तंबू-मिशनचा प्रमुख याकोब डिक आणि त्याचे सोबती त्या दिवशी गावात होते, तेही मेले. लूटही झाली. वाचलेल्यांनी गाव सोडलं, मृतांना सामूहिक खड्ड्यांत पुरलं गेलं.

आकडा लिहिताना हद्द लिहा. एकट्या आइखेनफेल्डचा आकडा 70 च्या वर जातो, आसपासची गावं आणि पुढचे दिवस धरले की शंभराच्या पलीकडे. दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले की एक खोटं ठरवायची घाई नको, दोघांनी कुंपण कुठे घातलंय ते आधी बघा. नोव्हेंबर अखेरीस झाग्रादोव्का वसाहतीत सुमारे 200 माणसं मारली गेली. तिथेही हेच लागू.

मग 'कारण' हा रकाना, आणि इथे दोन पेन्सिली घ्या. एका रंगात करणाऱ्या बाजूचं कारण: वसाहतीत सशस्त्र दल होतं, जुने हिशेब होते, जमिनीचा झगडा होता. शेजारच्या युक्रेनियन गावांतल्या वृद्धांकडून पुढे नोंदवलेल्या आठवणींतही जमीन आणि आधीची खुन्नस येते. दुसऱ्या रंगात त्या कारणात न बसणारं: सोळा-सतरा वर्षांची पोरं, आणि ज्याच्या नावावर जमीन नाही असा तंबू घेऊन फिरणारा प्रचारक. वर्गाचा राग हे कारण खरं आहे असं मी मानते. पण ते त्या रात्रीचं पूर्ण उत्तर नाही, आणि दुसऱ्या रंगातल्या ओळी तो फरक कायम डोळ्यांसमोर ठेवतात.

टायफसला स्वतंत्र पान द्या. त्याच हिवाळ्यात आजारी बंडखोरांना खोर्तित्साच्या घराघरांत ठेवलं होतं. मेनोनाइट बायकांनी त्यांच्या उवांनी भरलेल्या अंथरुणांशेजारी राहून त्यांना वाढलं, आणि तापाने तीही घरं रिकामी केली. हे मृत्यू कत्तलीच्या आकड्यात मिसळू नका, आणि सोडूनही देऊ नका. बंडखोरांची फौजही त्याच तापाने खंगली.

एकच वस्तू दोन्हीकडे शोधा

मला यात सगळ्यात जास्त रस आहे, म्हणून थोडं लांबवते. दोन्ही आठवणींत सामाईक असलेली वस्तू किंवा प्रसंग धरायचा आणि तो दोन्ही बाजूंनी वाचायचा.

पहिला, तबेला. माख्नो सांगतो की तो पोरवयात जमीनदाराकडे कामाला असताना मालकाच्या पोरांनी तबेल्यातल्या एका तरुण गड्याला मारायला घेतलं. त्याने धावत जाऊन मोठ्या मोतद्दाराला, बात्को इव्हानला सांगितलं. इव्हान आला आणि त्याने मालकांनाच झोडपलं. मेनोनाइट घरांत फिरणारी गोष्ट अशी: माख्नो लहानपणी मेनोनाइट मालकाकडे गुराखी होता, तिथे त्याने मार खाल्ला, त्याचा त्याने पुढे सूड घेतला. तबेला तोच, मालकही त्याच जातकुळीतला. पण एकीकडे मार दुसऱ्याला बसतो, गडी एकजुटीने उभे राहतात आणि मूल धडा शिकतं. दुसरीकडे मार त्यालाच बसतो आणि मनात विष साठतं. पहिली गोष्ट चळवळीला जन्म देते, दुसरी चळवळीला एका माणसाच्या खाजगी रागात गुंडाळते. दुसऱ्या गोष्टीत एक कबुलीही दडली आहे: आपल्याकडे गड्यांना मारत असत. ती सांगणाऱ्याच्या लक्षात येतेच असं नाही.

दुसरी, तचान्का. स्प्रिंगची घोडागाडी, मागे मशीनगन. अराजकवादी चित्रांत हे माख्नोच्या फौजेचं मानचिन्ह, वाऱ्यासारखी येणारी जाणारी मुक्त गाडी. मेनोनाइट रोजनिश्यांत ती आपल्या अंगणातून नेलेली गाडी असते. वसाहतींत चांगल्या स्प्रिंगच्या गाड्या बनत, रविवारी चर्चला त्याच जुंपत, आणि घोड्यांसकट त्याच मागितल्या गेल्या. रोजनिशीत माणूस कधीकधी घोड्याचं नाव लिहितो. अशी नावं दिसली की उतरवून घ्या. घोडा नेल्याची तारीख बहुधा अचूक असते, कारण दुसऱ्या दिवशी नांगराला काय जुंपायचं हा प्रश्न खरा असतो.

लिहायला बसाल तेव्हा

प्रत्येक वाक्यात कर्ता ठेवा. 'दिब्रिव्का जाळण्यात आली', 'माणसं मारली गेली' असं लिहायला हात सारखा वळतो, माझाही वळतो. निदान मुख्य प्रसंगांत कोणी जाळलं, कोणी मारलं हे आलंच पाहिजे. आइखेनफेल्डला 'चकमक' म्हणू नका, ब्लूमेनटालला 'कत्तल' म्हणू नका. 'विनाकारण' आणि 'साहजिकच' हे दोन शब्द मसुद्यातून शोधून काढा. पहिला मेनोनाइट बाजूने शिरतो, दुसरा माख्नोच्या.

दिब्रिव्का आणि आइखेनफेल्ड एका वाक्यात 'आणि'ने जोडून समान करण्याचा मोह टाळा. दोन्हींची पानं स्वतंत्र ठेवा, प्रत्येकाचे मृत वेगळे मोजा, आणि तुमचं मत द्यायचं तर ते नाव घेऊन द्या. माझं मत असं की 1918 ची जबाबदारी टाळणारी मेनोनाइट आठवण अपुरी आहे आणि 1919 ची जबाबदारी टाळणारी अराजकवादी आठवण त्याहून अपुरी आहे, कारण तिच्याकडे तेव्हा सत्ता होती आणि गुन्हेगारांना शिक्षा करायची ताकदही होती. मे 1919 मध्ये एका ज्यू वसाहतीत कत्तल करणाऱ्या स्वतःच्या माणसांना माख्नोने गोळ्या घातल्या होत्या. म्हणजे ते करता येत होतं.

शेवटी स्मारकं बघा, पण साक्ष म्हणून नव्हे, ती उभारली त्या काळाचे कागद म्हणून. आइखेनफेल्डचं स्मारक 2001 चं, परदेशी गेलेल्यांच्या वंशजांनी स्थानिकांच्या साथीने उभारलेलं. हुल्याइपोलेतला माख्नोचा पुतळा 2009 चा, सोव्हिएत काळात दरोडेखोर ठरवलेल्या माणसाला स्वतंत्र युक्रेनने परत घरी आणलं तेव्हाचा. 2022 मध्ये हुल्याइपोले युद्धाच्या आघाडीवर आलं, म्हणून तिथल्या लोकांच्या त्यानंतरच्या मुलाखती वाचताना डाव्या बाजूला सुरुवातीची आणखी एक तारीख लिहावी लागेल.